मातीला तीन शिट्ट्या, आणि परीचा पंप

मुलं माझ्याकडे नंबर लावून येतात, किस्से मात्र बिननंबरचे घुसतात. गोंदियात लहान मुलांचा दवाखाना चालवून आता इतकी वर्षं झालीत की कपाटात औषधं कमी आणि डोक्यात किस्से जास्त. औषधांना निदान एक्सपायरी तरी असते! मैत्रिणींकडे जेवायला गेले की भाजी वाढायच्या आधीच फर्माईश होते, "चल, सांग, या आठवड्यात काय झालं?" मी डॉक्टर आहे का ऑर्केस्ट्रा, तेच कळत नाही.

तर यंदाचे बहुतेक किस्से निघाले ते एकाच भाषणातून.

झालं असं, की उन्हाळ्यात इथल्या एका क्लबनं नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. विषय, लहान मुलांचा दमा आणि ॲलर्जी. सरांनी फार छान समजावलं. गुराढोरांत, मातीत, चार भावंडांत वाढलेल्या मुलांमध्ये दमा-ॲलर्जी कमी दिसते म्हणे. फार सोवळ्यात वाढलेल्या शरीराला खरा शत्रू कोण ते शिकायलाच मिळत नाही, मग ते धुळीशी नि फुलांच्या परागाशी भांडत बसतं. "पण," सर पुढे म्हणाले, "हा अंदाज आहे, इलाज नाही. ज्याला दमा आहे त्यानं औषध सोडायचं नाही, आणि धूर तर अजिबात नको."

या 'पण'च्या वेळेलाच समोसे आले! अर्धा हॉल उठला. सर जेवले, दुपारच्या गाडीनं नागपूरला गेले. निस्तरायला उरलो मी आणि मीराताई. मीराताई म्हणजे माझ्या दवाखान्याची सिस्टर, रिसेप्शनिस्ट, आणि तापटपणात माझी सीनिअर.

पहिल्या रांगेत आबाजी बसले होते. दवनीवाड्याचे. घरची धानाची शेती, पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, आवाज असा की माईक लाजावा. त्यांची नात परी माझी पेशंट, वय वर्षं सहा. परीला दमा आहे. तिला मी दोन पंप दिलेत, एक रोजचा आणि एक धाप लागली की तिथल्या तिथे, दोनदा दाबून घ्यायचा. दोन्ही प्लास्टिकच्या एका नळकांड्यातून ओढायचे. त्याला आम्ही स्पेसर म्हणतो, आबाजी भोंगा म्हणतात. आबाजींना तो भोंगा म्हणजे घराण्याला लागलेला डाग वाटायचा.

"पोरीले दमा हाय असं गावभर झालं तं उद्या तिचं लगन कोन करन?" हा त्यांचा कायमचा सवाल. आणि पोरगी पहिलीत!

भाषण संपतं न संपतं तोच ते उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आयकलं का, डाक्टरीनबाई? आमच्या घरी चार गाई अन् दोन म्हशी हायत. आता पंप बंद!"

माझा समोसा हातातच राहिला. मागच्या हिवाळ्यात परीला ऑक्सिजन लावावा लागला होता, आणि तिची आई लता माझा हात सोडायला तयार नव्हती. पंप बंद झाला तर पुन्हा तेच होणार, हे मला समोर दिसत होतं. बाकी लोकांनी भाषणाचं काय वाट्टेल ते करू दे, परीचा पंप सुटू द्यायचा नाही, एवढं मी तिथेच ठरवलं.

०

बाकी लोकांनी खरंच वाट्टेल ते केलं.

चौथ्याच दिवशी एक बाई आल्या, गावातल्याच, नवऱ्याचा तांदळाचा व्यापार. कडेवर आठ महिन्यांचं गुटगुटीत बाळ. बाळ एकदम ठणठणीत. मी म्हटलं, "मग आलात कशाला?"

त्यांनी पर्समधून स्टीलची छोटी डबी काढली, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर ठेवली. आत माती! मैद्यासारखी चाळलेली, मऊशार.

"मॅडम, ये खाने के पहले देनी है या बाद में?"

मी डोळे मिटले, उघडले. माती तिथेच होती. मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं, की सर म्हणाले ते मातीत खेळण्याबद्दल. माती चाटवायची नाही. मातीत जंतांची अंडी असतात, नको नको ते असतं.

बाई एकदम खूश झाल्या. "वो मुझे पता था ना, मॅडम! इसलिए पहले छान ली, फिर कुकर में तीन सीटी दी, फिर धूप में सुखाई. अब एक भी जंतू नहीं है!"

"अहो, पण ज्या जंतूंसाठी माती द्यायची म्हणता, तेच मारून टाकलेत! मग हिच्यात उरलं काय?"

बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "स्वाद, मॅडम."

मीराताई औषधाच्या कपाटामागे गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे कोणी फार सोवळेपणा केला, की आम्ही एकमेकींना नुसतं "तीन शिट्ट्या" म्हणतो.

०

पंधरवड्यात आबाजी आले. सोबत लता आणि परी. परीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. लताचे डोळे रडून सुजलेले.

आबाजी खुर्चीवर बसले ते ग्राहक मंचात तक्रार द्यायला आल्यासारखे.

"डाक्टरीनबाई, गाईइनं काम काऊन नाई केलं?"

"काय?"

"पंप बंद केला. पोरीले रोज गोठ्यात बसवलं. सकारी बसवलं, संध्याकारी बसवलं. तरी खोकूनच राह्यली! त्या नागपूरवाल्याची गॅरंटी फेल हाय!"

मला राग पटकन येतो, हे अख्ख्या गोंदियाला ठाऊक आहे. आधी परीला मशीन लावली, वाफारा दिला, तिचा श्वास मोकळा झाला, आणि मग मी आबाजींकडे वळले. "संध्याकाळी गोठ्यात धूर करता का?"

"करतो ना! वली तनीस अन् गोवऱ्या पेटवतो. मच्छर चावते जनावराले."

आता धानाची ओली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पेटली की काय धूर होतो, हे या भागात कोणाला सांगायला नको. आणि आबाजी पोरीला रोज संध्याकाळी नेमकं त्याच धुरात नेऊन बसवत होते! शिवाय गोठ्याची आणि परीच्या खोलीची भिंत एकच, वरून कौलातून सगळं मोकळं. म्हणजे ही पोरगी जन्मापासून धूर खातेय.

"आबाजी, गाईंचा काही दोष नाही. दोष धुराचा आहे. आजपासून धूर बंद, पंप सुरू."

"अन् जनावराले मच्छर चावन ते?"

"मच्छरदाणी लावा!" मी रागानं ओरडले.

आता हे मी रागात बोलले होते. पण आबाजी एक नंबरचे इमानदार माणूस. पुढच्या वेळी आले तेव्हा म्हणाले, "लावली."

"काय लावली?"

"मच्छरदानी. पोराच्या लग्नातल्या मांडवाची जाळी होती, ते शिवून घेतली. आख्ख्या गोठ्याले लावली, चारही बाजूनं. सुई जायले जागा नाई."

मी म्हटलं, वा! मग आता?

आबाजींनी सुस्कारा सोडला. "आता गाईबी आत, अन् मच्छरबी आतच."

धूर मात्र बंद झाला होता. आणि पंपाला आबाजी तयार झाले, एका अटीवर. "पोरगी घरातच घेईन. कोनाच्या नजरेले पडता कामा नये." मी म्हटलं, चालेल बाबा, घ्या तर खरं.

०

मधल्या काळात वासराचं प्रकरण झालं.

बँकेचे एक साहेब पुण्याहून बदलून आले होते. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, घरात हवा शुद्ध करायचं मशीन, पाणी शुद्ध करायचं मशीन, भाजी धुवायचं वेगळं मशीन. एकुलता एक मुलगा, वय दीड वर्ष. साहेब बोलायचे छापील पुस्तकासारखं. "डॉक्टर, आम्ही भाषण ऐकलं आणि आमच्या लक्षात आलं की आमच्या मुलाच्या जीवनात गाय नाही."

मी म्हटलं, "रविवारी खेड्यात घेऊन जा त्याला. अंगणात खेळू दे."

"ते नियमित होणार नाही. आम्ही पर्यायी व्यवस्था केली आहे."

पर्यायी व्यवस्था म्हणजे एक वासरू! कुठल्याशा ओळखीच्या शेतकऱ्याकडून आठवड्यासाठी मागून आणलं होतं. बाल्कनीत रबरी मॅट, त्यावर वासरू. चढताना ते आनंदानं चढलं म्हणे. दुसऱ्या दिवशी सोसायटीत बोंबाबोंब झाली आणि साहेब त्याला खाली न्यायला निघाले, तर वासरू पहिल्या पायरीवर जे थांबलं ते थांबलंच. लिफ्टमध्ये पाय ठेवेना. वॉचमन म्हणाला, "साहेब, जनावर जिन्यानं चढते, उतरत नाई. हे पयलेच इचाराचं होतं."

तीन दिवस वासरू तिसऱ्या मजल्यावर! सोसायटीतली सगळी मुलं त्यांच्या घरी पडीक. शाळा सुटली की थेट वासरू. बाल्कनीत शेण, हॉलमध्ये चपला, सोफ्यावर पंधरा पोरं. साहेबांचा मुलगा आयुष्यात पहिल्यांदा इतक्या पोरांच्या घोळक्यात लोळला, आणि मला वाटतं, त्याचं खरं भलं झालं असेल तर तेवढ्यानंच झालं असेल.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. आवाज कापरा. "डॉक्टर, सतत शिंका येताहेत. नाक गळतंय. डोळे लाल झालेत."

मी उठूनच उभी राहिले. "बाळाला?"

"नाही, बाळ उत्तम आहे. वासराला! आमच्या मिसेसनी वास येतो म्हणून रूम फ्रेशनर मारला होता. तुम्ही वासरू तपासता का?"

०

आता दुसरं टोक ऐका.

एक आई आहेत, त्या दवाखान्यात आल्या की आधी खुर्चीवर सॅनिटायझर मारतात, मग टेबलावर, मग माझ्या स्टेथोस्कोपवर. एकदा बोलता बोलता माझ्यावरही मारला. मुलगा दोन वर्षांचा, जमिनीला पाय लागलेला मी पाहिलेला नाही. याला सर्दी बारा महिने, अंगावर पुरळ, अंडं चालत नाही, हे चालत नाही, ते चालत नाही. माझं सांगणं एवढंच, की बाई, हात धुवा, जेवणाआधी धुवा, बाथरूमहून आल्यावर धुवा, पण पोराला खाली सोडा. ते त्यांना पटायचं नाही.

त्या दिवशी मी त्यांना चिठ्ठी समजावत होते. एका मिनिटासाठी त्यांनी पोराला बाकावर बसवलं आणि पोरगं गायब! शोधतो तर बाकाखाली. समोर देवरीकडून आलेल्या एका बाईचं पोरगं मांडी घालून बसलेलं, नाकातून दोन धारा, हातात मुरमुरे. ते एक मुरमुरा स्वतः खायचं, एक याच्या तोंडात घालायचं. फरशीवर पडलेला तिसरा दोघं मिळून शोधत होते.

आई किंचाळल्या. "छी! छी! त्याच्या हातचं खाल्लं! आता याला काय काय होईल! सिस्टर, लवकर पाणी आणा!"

देवरीची बाई शांतपणे उठली. स्वतःच्या पोराला उचललं, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "मॅडम, तिचं पोट्टं तं बारा मयने बिमार रायते म्हनते. माह्या पोट्ट्याले काई झालं तं?"

मीराताईनं आणलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

०

परीकडे एक कापसाचं अस्वल होतं. ते नाकाला लावल्याशिवाय तिला झोप यायची नाही. अशा खेळण्यांत डोळ्याला न दिसणारे धुळीतले किडे असतात, दम्याच्या मुलांना ते फार त्रास देतात. म्हणून मी लताला सांगितलं, अस्वल एक दिवस फ्रीजरमध्ये ठेव, किडे मरतील, मग स्वच्छ धुऊन वाळव.

त्याच दिवशी आबाजींकडे सोयरे आले. आबाजींनी मोठ्या दिमाखात सांगितलं, "बरफाचं पानी आना!" आणि स्वतःच फ्रीजर उघडला. आत अस्वल! अंगात लोकरीचा स्वेटर, डोक्यावर माकडटोपी, गळ्यात मफलर.

"हे कोनं केलं वं?" आबाजी गरजले.

परी धावत आली. "आबाजी, दार लावा! त्याले थंडी वाजते म्हनून म्या घालून देलं."

लतानं समजावलं, अगं, थंडीनं किडे मरावेत म्हणून तर ठेवलंय ना!

परीचे डोळे भरून आले. "किड्याइले तं सांगतलं का कोनं, का थंडी हाय म्हनून?"

सोयऱ्यांनी विचारलं, कसले किडे, कशासाठी? आबाजींनी ताबडतोब फ्रीजर बंद केला आणि सांगितलं, "काई नाई, पोरीचा खेळ हाय." पाहुण्यांसमोर दम्याचा द उच्चारू दिला नाही त्यांनी. लता मला हे सांगताना हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

०

आणि हाच तो हट्ट, ज्यानं मला पार वेडं करून सोडलं.

पोळ्यानंतर परी पुन्हा बिघडली. धूर बंद, अस्वल धुतलेलं, पंप रोज चालू, आणि तरी खोकला वाढत चाललेला! मी पंप तपासला, बरोबर. ओढायची पद्धत तपासली, बरोबर. लताला विचारलं, "खरं सांग, रोज देतेस ना?" ती रडकुंडीला आली. "देवाशपथ मॅडम, एकबी दिवस चुकवला नाई. पंप घेतला का उलट जास्तच खोकते!"

पंप घेतल्यावर जास्त खोकते? माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हे बसेना. शेवटी एका रविवारी गाडी काढली आणि मीराताईला घेऊन सरळ दवनीवाडा गाठलं.

आबाजींनी चहा पाजला, गोठा दाखवला, जाळी दाखवली. मी म्हटलं, "परी पंप कुठे घेते, ते दाखवा."

आबाजींचा चेहरा उजळला. "या ना! पंपाची खोलीच करून देल्ली तिले, पेशल!"

मागच्या अंगणात एक खोली. खिडकी नाही, दाराला आतून कडी. आबाजींनी दार उघडलं. "पाहा. कोनाले दिसत नाई, आवाज जात नाई. शेजारीन कितीबी वाकून पाहू दे!"

आत मागच्या साली भरलेलं धान, कोंड्याची पोती, आणि एका कोपऱ्यात छतापर्यंत रचलेली तणस. मी आत पाऊल टाकलं, पायाखाली भुसा उडाला आणि मला शिंका सुरू झाल्या. एक नाही, दोन नाही, थांबेचनात! मीराताई मला धरायला आत आली, तर तिलाही सुरू. दोघी दाराची चौकट धरून शिंकतोय, डोळ्यांतून पाणी, बोलता येईना.

बाहेरून आबाजींचा काळजीचा आवाज आला, "डाक्टरीनबाई, तुमालेबी पंप देऊ का?"

कशाबशा बाहेर आलो, नाकं पुसली. आबाजी एकदा त्या खोलीकडे बघत होते, एकदा आमच्या लाल नाकांकडे. मग हळूच म्हणाले, "म्हंजे रोज म्याच पोरीले त्यात कोंबून राहिलो होतो?" आणि ओट्यावर मटकन बसले.

इतका आडदांड माणूस, पण त्या दिवशी मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. परी त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "आबाजी, त्यात उंदीरबी हाय."

त्या दिवसापासून पंप देवघरात, उदबत्ती बाहेर. परी आठवड्याभरात सुधारली. पण "चारचौघात नाई" ही अट मात्र आबाजींनी सोडली नाही. मी सांगितलं, धापेचा पंप पोरीच्या सोबतच पाहिजे, कुठेही जा. ते म्हणाले, "सोबत ठेवीन. पन काढायचा नाई." मी कपाळावर हात मारून घेतला.

०

आणि मग आली मंडई.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई, मामे-मावसे, साऱ्या पंचक्रोशीतले सोयरे एका दिवशी एका गावात. दुकानं, पाळणे, आणि दुपारी दंडार, म्हणजे गाणं, नाच, नकला, ढोलकी, सगळं एकत्र. लग्नं जुळतात ती मंडईतच. आणि यंदा दवनीवाड्याच्या मंडईचे अध्यक्ष कोण? आबाजी!

मला पाहुणी म्हणून बोलावलं. लता आदल्या दिवशी दवाखान्यात येऊन गेली. "मॅडम, धान निंगून राह्यलं, मळणी चालू हाय, जिकडेतिकडे धूळ. तिले मंडईत धाप लागली तं मी का करू? मामाजी तं सोयऱ्यासमोर काढू देनार नाई." मामाजी म्हणजे तिचे सासरे, आबाजी. मी तिला सांगितलं, "पंप आणि स्पेसर पिशवीत ठेव. लागला तर तिथल्या तिथे दे. मामाजींना मी बघते." म्हटलं खरं, पण कसं बघणार होते, ते मलाच ठाऊक नव्हतं.

मी पोचले तेव्हा दंडार रंगात आलेली. मैदान खच्चून भरलेलं. स्टेजवर आबाजी, डोक्याला फेटा, शेजारी मी, मागे चार-पाच वजनदार सोयरे. खाली पहिल्या ओळीत लता, मांडीवर परी. हजारो पायांनी धूळ उडत होती. आणि मला ढोलकीच्या वरताण एक खोकला ऐकू आला.

परी! खांदे वर उचलून श्वास घेत होती. लतानं पिशवीत हात घातला आणि वर पाहिलं, आबाजींकडे. आबाजींनीही पाहिलं. त्यांच्या मागे सोयरे बसलेले. लताचा हात पिशवीतच राहिला. मी उठायला लागले तोवर तिनं परीला उचललं आणि लोकांच्या नजरेआड, मांडवाच्या मागे निघाली. मागे डिझेलचं जनरेटर भकाभक धूर सोडत होतं.

आबाजी ताडकन उठले. शाहिराच्या हातातला माईक हिसकावला.

"लता! तिकडे कायले चालली वं? तिकडे धूर हाय! इकडे आन तिले, वरतं आन!"

ढोलकी थांबली. नाचणारा पोरगा एक पाय वर करून तसाच उभा राहिला. लता वळली, गर्दीतून वाट काढत स्टेजवर आली. आबाजींनी परीला स्वतःच्या मांडीवर बसवलं आणि माईक तोंडाशी धरला.

"आयका रे! हे माही नात हाय. हिले दमा हाय. हे पंप घेते, म्हनून आपल्या पायानं मंडई पाह्यले आली हाय. आता घेईन, तुमच्यासमोर घेईन. ज्याले पाहाचं हाय त्यानं डोये फाडून पाहा!"

मागचे सोयरे एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण रडायला वेळ नव्हता, मी स्पेसर जोडला, परीच्या तोंडाला लावला, पंप दाबला. "हळू ओढ, बेटा. सोड. पुन्हा ओढ."

माईक आबाजींच्या हातात चालूच होता. परीचा श्वास सगळ्या भोंग्यांतून मैदानभर ऐकू जायला लागला. ढोलकीवाल्याला गप्प बसवेना, त्यानं श्वासाच्या तालावर हळूच एक थाप दिली. पुढच्या ओळीतल्या म्हातारीनं परीसोबत श्वास ओढला. मग तिच्या शेजारणीनं. मग मागच्या ओळीनं. बघता बघता पाळण्याच्या रांगेतले, जिलेबीवाल्यापुढचे, सगळे मिळून ओढतायत, सोडतायत, ओढतायत, सोडतायत!

परीचे खांदे थोडे खाली आले. मी स्पेसर काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या, नाचणाऱ्या पोरानं वरचा पाय खाली टेकला.

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन बोटं दाखवली. त्यांनी हात उंच केला आणि माईकवर गरजले,

"ए! टाळ्या कायले वाजवून राहिले? दुसरा बाकी हाय! चला, ओढा सगळे!"